काळ्या मातीत जाईचा मांडव

सासूबाईंची जाई शुक्रवार पेठेतल्या जुन्या घराच्या अंगणात होती. ते घर सोडताना त्यांनी पितळेची भांडी वाटून टाकली, पलंग दिरांना दिला, जात्यावरून थोडं भांडण केलं आणि शेवटी जातंही सोडलं. जाईच्या चार काड्या मात्र ओल्या फडक्यात गुंडाळून मांडीवर घेतल्या आणि रिक्षात बसल्या. जुळे सोलापुरात आल्यावर त्यांतल्या दोन जगल्या.

सुरुवातीला बांबूचा मांडव केला होता. दोन पावसाळे निघाले. मग वाळवीनं बांबूचे बुडखे खाल्ले आणि एका वळवाच्या पावसात सगळा डोलारा जाईसकट स्कूटरवर आला. स्कूटरचा आरसा गेला, जाई वाचली. सासूबाई म्हणाल्या, "आता लोखंडाचा कर. मी आहे तोवर टिकला पाहिजे." त्या तेव्हा ७६ वर्षांच्या होत्या आणि तब्येत ठणठणीत. म्हणजे काम पक्कंच करायला हवं होतं.

फाटकातून आत आलं की लगेच, वाटेवरच कमान करायची ठरली. मी शाळेत गणित शिकवते. त्यामुळे चित्र काढायच्या आधी आकडे मांडले. रुंदी ४ फूट, दोन्ही बाजूंना ६ फुटांचे सरळ पाय, त्यावर अर्धवर्तुळ. म्हणजे मधोमध उंची ८ फूट. अशा दोन कमानी एकमेकींपासून २ फुटांवर उभ्या करायच्या आणि आडव्या सळयांनी जोडायच्या. अर्धवर्तुळाची लांबी म्हणजे पाय (π) गुणिले त्रिज्या. (वर्गात हा 'पाय' आला की मागच्या बाकावरून कुणीतरी स्वतःचा पाय वर करतंच.) २४ इंच त्रिज्येला ७५.४ इंच. जमिनीत दीड फूट पुरायचं धरून प्रत्येक पाय साडेसात फुटांचा. बेरीज २५५.४ इंच. आणि बाजारात पाईप मिळतो ६ मीटरचा, म्हणजे २३६.२ इंच. एकोणीस इंच कमी.

विजापूर रोडवरच्या फॅब्रिकेशनवाल्या मिस्त्रींना याचं काहीच वाटलं नाही. "जोड मारू की बाई. घासून दिल्यावर दिसतबी नाही." दिसत नसेल, पण सांध्यातच गंज आधी धरतो, आणि हा सांधा नेमका मातीजवळ येणार होता. मी वही घेऊन घरी आले.

रात्री भाकरी थापताना सुचलं की कमान पुरायचीच कशाला? जमिनीत जाड पाईपाचे तुकडे पुरायचे आणि कमानीचे पाय त्यांत आठ-आठ इंच खोचायचे. मग हिशेब असा: ८० अधिक ७५.४ अधिक ८०, म्हणजे २३५.४. एका अखंड पाईपात कमान बसते आणि वर पाऊण इंच उरतो. तवा उतरवून वहीत लिहून ठेवलं. दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनी टेप लावून पाईप स्वतः मोजला, पुन्हा एकदा मोजला, आणि म्हणाले, "बसतंय की ओ." गणितासाठी इतकी मनापासून दाद मला वर्गात कधी मिळालेली नाही.

इथे एक गोष्ट मी नव्यानं शिकले. इंची पाईप टेपनं मोजला तर इंचाचा नसतोच. ते नाव आतल्या पोकळीवरून पडलेलं. बाहेरून तो ३३-३४ मिलिमीटर भरतो. सव्वा इंची पाईपाची पोकळी ३६-३७ मिलिमीटरची. म्हणून एकात एक जातो, थोडा खुळखुळतो, पण आरपार नट-बोल्ट मारला की गप्प बसतो.

पाईप जीआयचा, म्हणजे जस्ताचा थर दिलेला, घ्यायचा की साधा काळा, यावर दोन दिवस गेले. जीआयला गंज उशिरा धरतो हे खरं. पण त्यावरचं जस्त वेल्डिंगच्या उष्णतेत जळून पांढरा धूर होतो, आणि तो छातीत गेला की संध्याकाळी थंडीताप भरतो. मिस्त्रींनी स्वतः दोनदा भोगलेलं होतं. शिवाय जिथे वेल्डिंग होतं तिथलं जस्त जळूनच जातं, म्हणजे नेमक्या सांध्याला पुन्हा रंगच लावायचा. म्हणून जमिनीतले तुकडे, ज्यांना वेल्डिंग लागणारच नव्हतं, ते जीआयचे घेतले. कमानी साध्या पाईपाच्या, वर रेड ऑक्साईडचं अस्तर आणि ऑइल पेंट.

पाईप वाकवणं हे सगळ्यात अवघड निघालं. मिस्त्रींनी पहिला प्रयत्न हातानं केला. जमिनीत गोलाकार खुंट्या ठोकल्या, पाईपात कोरडी वाळू ठासली, दोन्ही तोंडांना लाकडी बूच मारले आणि दोघांनी मिळून ओढला. वाळू असली की पाईप आतून चेपत नाही, हा जुना उपाय. पण वाळू मधे कुठेतरी सैल राहिली असावी. एका जागी पाईप चेपून गवार झाला. तो पाईप पुढे दुकानातच कुठल्याशा जिन्याच्या कठड्याला लागला, आणि आम्ही नवा पाईप घेऊन अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत रोलिंग मशीनवाल्याकडे गेलो. तीन रुळांमधून पाईप पुढे-मागे फिरतो आणि दर फेरीला थोडा थोडा वळतो. वळण कुठे सुरू करायचं आणि कुठे थांबवायचं, हे माहीत असलं पाहिजे. मी पर्समधल्या लाल खडूनं दोन्ही टोकांपासून ८० इंचांवर खुणा करून दिल्या. तरी दोन कमानी जुळ्या आल्याच नाहीत. लोखंड सोडल्यावर जरा मागे उसळतं. दुसऱ्या कमानीचे पाय दोन इंच जास्त फाकले होते. मशीनवाला म्हणाला, चालतंय. मिस्त्री म्हणाले, दोरीनं आवळून जोडू. तसंच केलं.

मधे दहा-बारा दिवस काम बंद. गड्ड्याची, म्हणजे सिद्धेश्वराची, जत्रा आली. मिस्त्रींच्या घरचं कुणीतरी नंदीध्वज पेलणाऱ्यांत असतं, त्यामुळे संक्रांतीच्या आधी आठवडाभर आणि नंतर शोभेचं दारूकाम होईपर्यंत दुकानाचं शटर खाली. यात तक्रारीला जागा नाही; सोलापुरात जानेवारीत काम काढणाऱ्यानं हे धरूनच चालावं. आम्हीही अक्षता सोहळ्याला गेलो, होम मैदानावर फिरलो, सासूबाईंनी भजी खाऊन पोट बिघडवून घेतलं.

मग वेल्डिंग. आडव्या सळया ८ मिलिमीटरच्या, दर नऊ इंचांवर एक, प्रत्येकी २ फूट, अशा २४. लोखंड किलोवर मिळतं म्हणून वजन आधी काढलं होतं. बांधकामावर सळईचं वजन काढायची एक रीत सगळ्यांना पाठ असते: मिलिमीटरमधल्या व्यासाचा वर्ग भागिले १६२, म्हणजे मीटरला किती किलो ते. ८ मिलिमीटरला ०.३९५. सगळ्या सळया मिळून सहा किलोच्या आत, पाईप एकेक बारा किलोचा. अख्खा मांडव तीस किलोचा, दोघांना सहज उचलेल असा. हा हलकेपणा तेव्हा बरा वाटला होता.

त्या दिवशी मी एक मूर्खपणा केला. मिस्त्री "बघू नका" म्हणत होते, आणि मी प्रत्येक सांध्याला वाकून बघत होते. ठिणगीकडे नाही, बाजूला बघते आहे, असा माझा समज. दिवसभर काही झालं नाही. रात्री अकराला दोन्ही डोळ्यांत वाळू गेल्यासारखं झालं, पाणी थांबेना, दिवा सहन होईना. वेल्डिंगच्या उजेडातले अतिनील किरण बुबुळाच्या वरच्या पडद्याला भाजतात आणि ते सहा-आठ तासांनी कळतं. सासूबाईंनी बटाट्याच्या चकत्या ठेवल्या. गार वाटलं एवढंच. सकाळी डॉक्टरांकडे जाऊन थेंब आणले आणि दोन दिवस वर्गात काळा चष्मा लावून अपूर्णांक शिकवले.

'छोटा हत्ती' टेम्पोतून मांडव घरी आला. खड्डे तयार होते, प्रत्येकी दीड फुटाचे. त्यांत सव्वा इंची तुकडे उभे केले, दोन इंच वर डोकावतील असे, आणि काँक्रीट भरलं: एक भाग सिमेंट, दोन वाळू, चार खडी. वरून छान पसरट ओटा केला, घमेलं पालथं घातल्यासारखा. फार देखणे दिसत होते ते चार ओटे. आठवडाभर त्यांना पाणी मारलं. आमच्याकडे तेव्हा नळाला पाणी चार-पाच दिवसांआड यायचं. त्यातलं दोन बादल्या रोज सिमेंटला जातंय म्हटल्यावर घरात भांडी घासणाऱ्या मावशींपासून सगळ्यांची तोंडं वाकडी झाली. पोत्याचे तुकडे ओले करून ओट्यांवर पसरले तेव्हा पाणी अर्ध्यावर आलं. हे पहिल्याच दिवशी सुचायला हवं होतं.

फेब्रुवारीत नान्नजचे मामा द्राक्षं घेऊन आले. त्यांची बाग आहे, आणि त्या गावाला मांडवाचं कौतुक सांगायला जाणं म्हणजे काय. सोनाका ही द्राक्षाची जात तिथलीच. मामांनी मांडवाभोवती दोन फेऱ्या मारल्या, सळईला चिमटीत धरलं आणि विचारलं, "यावर वेल कशानं धरणार?" मला प्रश्न कळला नाही. त्यांनी समजावलं. दोडका, कारलं, द्राक्ष यांना ताणे असतात. स्प्रिंगसारखे गुंडाळतात, पण बारीक वस्तूलाच. तार चालते, सुतळी चालते. इंची पाईपाला ताणा वेढा घालूच शकत नाही, घसरतो. जाईला तर ताणाच नाही. ती नुसती वाढत जाते, तिला हातानं ओवावं लागतं आणि बांधावं लागतं. पुढच्या खेपेला त्यांनी बागेतली उरलेली जीआय तार आणून दिली, आणि दोन कमानींच्या मधे उभ्या तारा ओढून द्यायला स्वतःच बसले. तार ओढताना एक बोट ठेवून दाबायची. बोटभर दबली तर ठीक, जास्त दबली तर वेलीच्या ओझ्यानं झोळ होणार. त्यांचा हात बघत राहावा असा चालतो.

जूनमध्ये उजव्या पायाशी जाई लावली, डाव्या बाजूला सध्यापुरता दोडका. त्याआधी मे महिन्यात एक धडा मिळाला होता. मी मांडवाला फाटकासारखाच काळा रंग दिला होता. ४२-४३ अंशांच्या उन्हात दुपारी त्याला हात लावला तर चटका बसायचा. जाई अजून कुंडीतच होती. तिची दोन टोकं सवय व्हावी म्हणून पाईपाला बांधून बघितली, तर चार दिवसांत शेंडे करपले. शेजारचे एक काका टॉवेलच्या कारखान्यात आहेत, त्यांनी टॉवेलच्या कडांच्या पट्ट्या पोतंभर दिल्या. त्या पाईपांना गुंडाळल्या. मांडव दिसायला हाड मोडलेल्या माणसासारखा, पण चटका गेला. सोलापूरच्या सुताचा असा उपयोग केल्याचा मला अभिमानही वाटत होता. पावसाळ्यात एक पट्टी सोडून पाहिली तर खाली रंगाला फोड आणि त्यात तांबडा गंज. टॉवेलच तो, पाणी धरून ठेवणं हेच त्याचं काम. सगळ्या पट्ट्या काढल्या, पॉलिश पेपरनं घासलं, पुन्हा रेड ऑक्साईड मारलं आणि वर पांढरा रंग दिला. पांढरा कमी तापतो. उन्हाच्या बाजूला फक्त काथ्याची दोरी गुंडाळली, तीही विरळ, मधून वारा जाईल अशी.

आता खरी गोष्ट.

आमच्याकडे पावसाचा जोर जून-जुलैत नसतो, सप्टेंबरात असतो. त्या वर्षी गौरी-गणपतीनंतर चार दिवस सलग पडला. पाचव्या दिवशी फाटक उघडताना जाणवलं की मांडव आणि फाटकाचा खांब यांच्यातली फट वर जास्त आणि खाली कमी दिसतेय. सुतळीला कुलूप बांधून ओळंबा केला. मधल्या उंचीला जवळजवळ तीन इंचांचा झुकाव, डाव्या अंगाला. मी आधी वेलीला दोष दिला, मग वाऱ्याला, मग मिस्त्रींच्या दोन इंच फाकलेल्या कमानीला. कुणाचाच दोष नव्हता. उजव्या बाजूचे दोन्ही ओटे जमिनीतून वर आले होते. त्यांच्या कडेखाली बोट जात होतं.

काळी माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. मे महिन्यात आमच्या बागेतल्या भेगेत टाचणी पडली तर ती गेलीच समजायची. हे मला जन्मापासून माहीत होतं, पण माहीत असणं आणि ओटा बांधताना आठवणं यात फरक आहे. माझा दीड फुटाचा खड्डा अख्खा फुगणाऱ्या मातीतच होता. वर घमेल्यासारखी पसरट कड केलेली, म्हणजे खालून उचलणाऱ्या मातीला मी हातच दिला होता धरायला. त्यात उजव्या बाजूला जाई, तिला लावल्यापासून रोज पाणी. डावी बाजू त्या मानानं कोरडी. एक बाजू फुगली, दुसरी नाही. आणि तीस किलोचा हलका मांडव, त्याचं मातीवर दडपण ते काय असणार.

मिस्त्री आले, बघितलं, म्हणाले, "हे माझं काम नाही, गवंड्याचं." गवंडी मामा आले. त्यांनी पहार घालून बघितलं आणि साडेतीन फुटांवर मुरूम लागल्याचं आवाजावरून सांगितलं. त्यांचं म्हणणं सोपं होतं: काळ्या मातीत वर बारीक मान आणि खाली मडक्यासारखं पोट पाहिजे, पोट मुरमात. माती मान धरून वर ओढायला बघते, पोट अडकून बसतं. माझा भाचा सिव्हिलचा डिप्लोमा करतोय. त्यानं ऐकलं आणि उड्या मारायला लागला, कारण नेमकं हेच त्याला पुस्तकात होतं. रुडकीच्या सेंट्रल बिल्डिंग रिसर्च इन्स्टिट्यूटनं काळ्या मातीसाठी विकसित केलेला 'अंडर-रीम्ड पाईल'. गवंडी मामांनी त्याचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "रुडकीला पण आमच्यासारखीच माती हाय का?" भाच्याकडे उत्तर नव्हतं.

लगेच खणायचं नाही, असं मात्र त्यांनी बजावलं. ओल्या काळ्या मातीत खोरं चिकटतं, उन्हाळ्यात तीच दगड होते. दिवाळीनंतर वाफसा आला की. तोवर मांडव तिरका, आणि येणारा जाणारा मान तिरकी करून बघायचा.

नोव्हेंबरात बोल्ट काढले, कमानी उपसून भिंतीला टेकवल्या. एकात एक पाईप खोचायची युक्ती पाऊण इंचासाठी काढली होती, ती इथे उपयोगी आली. नाहीतर सगळं कापावं लागलं असतं. जाईला मात्र सोडवता येईना. तिला तारांसकट मोकळी केली आणि सासूबाईंच्या देखरेखीखाली गच्चीच्या कठड्यापर्यंत दोरीनं टांगली. जुने ओटे घणानं फोडले. फोडताना पाईपाच्या तुकड्यांतून पाणी निघालं, काळं, वास येणारं. तळ सिमेंटनं बंद आणि तोंड जमिनीलगत, म्हणजे मी चार नळकांडी पावसाचं पाणी साठवायलाच ठेवली होती. कमानीची टोकं आतल्या आत गंजायला लागली होती.

नवे खड्डे ४ फुटांचे. तळ खुरप्यानं कोरून दीड फूट रुंद केला. मानेसाठी ६ इंची पीव्हीसी पाईप उभा केला आणि तो तसाच ठेवला. गुळगुळीत अंगाला माती धरत नाही. आत तळापासून वरपर्यंत १० मिलिमीटरच्या चार सळया, कारण माती मान वर ओढते तेव्हा काँक्रीट ताणलं जातं आणि ताणाला ते कच्चं. पीव्हीसीच्या बाहेर काळी माती परत न टाकता मुरूम कुटला. वर पसरट कड नाही, उलट चहूकडे उतार. आणि लोखंडी तुकडे आता आठ इंच जमिनीच्या वर, आत सिमेंट भरून तळ वर घेतलेला, त्यालगत पाणी निघून जायला एक बारीक भोक. जाईचं आळंही पायापासून दीड फूट लांब सरकवलं. वेल तिथेच, पाणी द्यायची जागा फक्त बाहेरच्या अंगाला. यात मांडव सहा इंचांनी उंच झाला. मला तेव्हा ते बरंच वाटलं.

पुढचा सप्टेंबर येईपर्यंत मी रोज ओळंबा धरायचे. आला, पडला, गेला. कुलूप सुतळीला सरळ लोंबत होतं. गवंडी मामा रस्त्यानं जाताना सायकलवरूनच मांडवाकडे बघतात, थांबत नाहीत.

जाई आता दोन्ही बाजूंनी उतरली आहे आणि फुलते भरपूर. फक्त फुलते वर. नवे फुटवे उन्हाकडे धावतात आणि फुलं त्यांच्याच टोकांना येतात, म्हणजे साडेआठ फुटांवर. सासूबाईंचा हात पोचतो साडेपाचपर्यंत. मी स्टूल आणलं, त्यांनी नाकारलं. छाटून खाली आणू म्हटलं, तर पुढच्या वर्षी बघू म्हणाल्या. त्यांनी आपला मार्ग काढला आहे. रात्री झोपायच्या आधी मांडवाखाली, वाटेवर, जुनी सोलापुरी चादर अंथरतात. रात्रभर उमललेली जाई पहाटे आपोआप गळते. उरलेल्यांसाठी काठीनं एक हलका झटका. मग चादरीवर बसून, चांगली फुलं निवडून परडीत आणि काळवंडलेली बाजूला.

हे आटपायला सात वाजतात. तोवर फाटकातून कुणी यायचं नाही. दूधवाला पिशवी भिंतीवरून देतो आणि मी शाळेला मागच्या दारानं जाते.